जोडप्रतीचे मोल
(सातारा व सांगली येथील वसंत व्याख्यानमालांत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन चालक मंडळी घरी आली, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी विषय सांगितला आणि ते थोडे थांबले. म्हणाले, "अहो, आदल्या दिवशी ज्ञानेश्वरीवर व्याख्यान आहे, दुसऱ्या दिवशी राज्यघटनेवर आहे. मध्येच ही सिनेमाच्या सीडीबरोबर मिळणारी फुकटची प्रत कुठे बसवायची?" त्यांची शंका रास्त होती. मी त्यांना एवढेच म्हणालो की, पैसे मोजून घरी आणलेली वस्तू आपली होते की नाही, हा प्रश्न काही लहान नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती काही केवळ शास्त्रीपंडितांसाठी नव्हती. नागरिकाने आपल्या व्यवहाराचा विचार चारचौघांत बसून करावा, हाही तिचा एक हेतू होता. तेव्हा आजचा तास आपण या व्यवहाराला देऊ.

गेल्या आठवड्यात साताऱ्यास याच विषयावर बोललो. तिथे व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "तुमचे म्हणणे थोडक्यात सांगा. त्या चिठ्ठीसाठी जादा पैसे द्यावेत की नाहीत?" माझे उत्तर त्यांना चटकन देता आले नाही. आज ते नीट देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल, १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच्या पाठोपाठ व्हिडिओ आला. गणेशोत्सवात गल्लीतली पोरे वर्गणी काढीत आणि एका रात्रीपुरता टीव्ही, व्हिडिओ व तीन कॅसेटी भाड्याने आणीत. पहिला चित्रपट देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा आणि तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली सतरंजीवर झोपलेली असे. पहाटे कॅसेटी परत जात. ती वस्तू आपली नव्हे हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून कुणाला वाईट वाटत नसे. शेमारू हे नाव आपल्या परिचयाचे आहे. ही संस्था १९६२ साली मुंबईत पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरू झाली आणि १९७९ पासून चित्रफिती भाड्याने देऊ लागली. पुस्तक नेणे आणि चित्रपट नेणे हे दोन व्यवहार असे एकाच दुकानात जन्मले, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

नंतर तबकड्या आल्या. व्हीसीडीच्या एका तबकडीत सुमारे सव्वा तास मावे, म्हणून चित्रपटाच्या दोन-तीन तबकड्या असत आणि नायिका नदीकाठी गाणे म्हणत असतानाच तबकडी बदलायला उठावे लागे. तरीही माणसे आता भाडे सोडून विकत घेऊ लागली. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा तर स्टँडवरच्या पेपरवाल्याकडेही चित्रपट मिळू लागले. मध्यमवर्गीय घरांत पुस्तकांच्या कपाटाखाली एक खण तबकड्यांचा झाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो खण अजून असेल. जुनी संगीत नाटके, तमाशापट, कुणाच्या लग्नाची फीत, सारे त्यात एकत्र नांदत असेल.

याच सुमारास तिकडे अमेरिकेत एक नवी युक्ती निघाली. २००८ च्या जानेवारीत फॉक्स कंपनीने एका व्यंगपटाच्या डीव्हीडीबरोबर संगणकात उतरवून घेण्याची आणखी एक प्रत दिली. पुढे पुढे ती प्रत तबकडीत असण्याचेही कारण उरले नाही. डबीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर बारापंधरा अक्षरांचा संकेत. तो संकेत संगणकावर लिहिला की चित्रपट आपल्या नावे जमा झाला असे समजायचे. मग तो फोनवर पाहा, प्रवासात पाहा. एका किमतीत तबकडीही आणि प्रतही. ही जी जोडून मिळणारी प्रत, तिला मी आजच्यापुरते जोडप्रत म्हणतो.

आता या जोडप्रतीचे गुण आधी सांगतो. ज्याच्यावर टीका करायची त्याचे गुण आधी सांगावेत, अशी आपली पद्धत आहे. ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात तबकडीचे आयुष्य किती असते ते सांगायला नको. तबकडीची बशी होते, चाक होते, सुदर्शनचक्रही होते. अशा घरी दुसरी प्रत हा मोठाच आधार. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री मुंबईला निघालेला माणूस तबकडी आणि यंत्र बरोबर घेऊन जात नाही, पण फोन त्याच्या खिशात असतोच. शिवाय आता नव्या संगणकांना तबकडीचा कप्पाच नसतो. ज्याला चित्रपट तबकडीच्या गुणवत्तेने पाहायचा आहे त्याने तबकडी लावावी, कारण ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० गिगाबाइट मजकूर मावतो. जोडप्रत बहुधा त्याच्या एका लहान अंशात बसवलेली असते. पण प्रवासात, लहान पडद्यावर, तेवढी पुरते. सोय म्हणून पाहिले तर जोडप्रत चांगलीच आहे. वाद सोयीचा नाही. वाद 'प्रत' या शब्दाचा आहे.

हे मला कसे उमगले ते सांगतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. एका दिवाळीला तो आला, तेव्हा नातवंडांसाठी एका बोलपटाचा सुरेख संच घेऊन आला. "मामा, यात तीन वस्तू आहेत," तो म्हणाला, "ब्ल्यू-रे, डीव्हीडी आणि डिजिटल प्रत. काही ना काही लागेलच." आम्ही ब्ल्यू-रे लावली. लागली नाही, कारण अमेरिकेची तबकडी अ विभागाची आणि आपल्याकडचे यंत्र क विभागाचे. डीव्हीडी लावली. तिथे त्यांचा विभाग पहिला, आपला पाचवा. तीही लागेना. राहिली चिठ्ठी. संकेत लिहिला, तर ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही असे उत्तर आले. तीन प्रती हाती, आणि पोरे पडद्याकडे पाहत बसलेली. माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यापेक्षा गोष्टीचे पुस्तक आणले असते तर निदान वाचून तरी दाखवता आले असते." भाचा ओशाळला. पण त्यात त्याचा दोष नव्हता. पुस्तक न्यू जर्सीत घेतले तरी सांगलीत उघडते, ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. तीच सवय आपण चिठ्ठीला लावली.

तेव्हापासून मी प्रतीला तीन कसोट्या लावतो. पहिली, विकणारा उठून गेला तर ती राहते काय? दुसरी, ती मला शेजाऱ्याला देता येते काय, आणि माझ्यामागे मुलांना ठेवता येते काय? तिसरी, घरावर संकट आले तर ती वाचते काय? पुस्तक पहिल्या दोन कसोट्यांस उतरते, तिसरीस उतरत नाही. जोडप्रत कोणत्या कसोटीस उतरते ते पाहू.

पहिली कसोटी. जोडप्रती एका ठिकाणी जमा ठेवण्यासाठी अमेरिकेत २०११ च्या ऑक्टोबरात अल्ट्राव्हायोलेट नावाची योजना सुरू झाली. बहुतेक मोठे चित्रसंघ तीत होते. डिस्ने आणि ॲपल मात्र बाहेर राहिले. योजना उदार होती. एका कुटुंबातील सहा माणसे एकच संग्रह वापरू शकत आणि बारा यंत्रे जोडू शकत. वर आश्वासन असे की, आज हे दुकान बंद पडले तरी तुमचा हक्क योजनेच्या वहीत राहील. ३ कोटींहून अधिक लोकांनी त्या वहीत आपले चित्रपट नोंदवले. आणि २०१९ च्या जानेवारीत जाहीर झाले की वहीच बंद होणार. ३१ जुलै २०१९ रोजी ती बंद झाली. ज्यांनी आपले खाते मुदतीत एखाद्या दुकानाशी जोडून ठेवले होते, त्यांचे बहुतेक चित्रपट त्या दुकानाकडे शिल्लक राहिले. ज्यांना खबर नव्हती, जे आजारी होते, जे वारले होते, त्यांचे गेले. त्यानंतर आता तिथे मूव्हीज एनीव्हेअर नावाची दुसरी वही आहे. ती २०१७ पासून चालू आहे आणि पहिलीपेक्षा बरी चालते, हेही सांगितले पाहिजे. पण तीही वहीच, आणि तीही अमेरिकेपुरती.

याच्या उलट आपल्याकडे काय झाले? ज्या मोझर बेअरचा मी उल्लेख केला, ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली मोडीत काढण्याचा हुकूम झाला. ती २८ रुपयांची तबकडी आता नवी मिळणार नाही. पण ज्याच्या घरी आहे, त्याच्या घरी ती आजही लागते. आपला करणारा राहिला नाही हे तबकडीला कळत नाही. जोडप्रतीला मात्र ते त्याच दिवशी कळते. पहिल्या कसोटीत जोडप्रत नापास झाली असे मी म्हणतो ते याकरिता.

दुसरी कसोटी, देण्याघेण्याची. यावर तिकडे खटलाही झाला. रेडबॉक्स नावाची कंपनी बाजारातून डिस्नेचे संच विकत घेई, तबकड्या भाड्याने देई आणि आतल्या चिठ्ठ्या वेगळ्या विकी. २०१७ साली डिस्नेने तिच्यावर फिर्याद केली. डबीवर बारीक अक्षरांत छापले होते की, संकेत विकू नये वा दुसऱ्यास देऊ नये. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश म्हणाले की, डबीवर असे छापल्याने करार होत नाही. शिवाय विकत घेतलेली तबकडी दुसऱ्याला देण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क या अटींनी हिरावला जात असेल तर तो स्वामित्वहक्काचा गैरवापर ठरतो. मनाई मिळाली नाही. डिस्नेने अटी बदलल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच न्यायाधीशांनी मनाई दिली. निकालाचा अर्थ आपल्यासारख्यांना असा घेता येईल : तबकडी तुमची, ती द्या, विका, मुलाला ठेवा. चिठ्ठी ही परवानगी, आणि परवानगीच्या अटी देणारा ठरवील. पुढे कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या दुकानदाराने अशा परवान्याच्या विक्रीला, तो परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय, 'खरेदी' म्हणायचे नाही. शब्दाचा घोळ आहे हे कायद्यालाही मान्य करावे लागले.

आता तिसरी कसोटी, आणि इथे मला सांगलीत उभा राहून फार जपून बोलले पाहिजे.

३१ जुलै २०१९ ला ती अमेरिकेतली वही बंद झाली. त्यानंतरच्याच आठवड्यात आपल्या कृष्णेने काय केले, ते इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. साताऱ्याकडे धरणक्षेत्रात कोसळलेला पाऊस माहुलीवरून, कऱ्हाडवरून खाली आला आणि आपल्या घरांत शिरला. माणसे होड्यांतून निघाली. घरात परतल्यावर चिखलातून आधी भांडी काढली, मग कागदपत्रे काढली, आणि मग तो कपाटाखालचा खण काढला. आपल्या नगरवाचनालयातील ग्रंथांचे काय झाले तेही आपण पाहिले आहे. ओली पुस्तके रस्त्यावर ढिगाने पडलेली ज्याने पाहिली, त्याला 'प्रत हाती असली की झाले' असे म्हणण्याचा धीर होणार नाही. मलाही होत नाही.

म्हणून साताऱ्याच्या त्या गृहस्थांना मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही. कागद आणि तबकडी या हातात राहणाऱ्या वस्तू, म्हणूनच त्या बुडतात. पूर आला नाही तरी साताऱ्याच्या पावसाळ्यातली दमट हवा चित्रफितीवर बुरशी आणते आणि तबकडीचा चकाकता थर वर्षावर्षाने उतरू लागतो. तिसऱ्या कसोटीत जोडप्रत तबकडीच्या पुढे आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याची जोडप्रत दूर कुठे नोंदलेली होती, त्याचा चित्रपट पुरात गेला नसता. त्या एका आठवड्यात असे दिसले की, वस्तू पाण्याने जाते आणि परवानगी नोटिशीने जाते. एकाचे वाईट म्हणून दुसऱ्याचे चांगले ठरत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत ही हानी आपण पूर्वीही सोसली आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चे फक्त पहिले आणि शेवटचे रीळ उरले आहे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे जमवली, म्हणून निदान एवढे तरी दिसते. त्याच पुण्यात २००३ च्या जानेवारीत चित्रपट संस्थेच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. या साऱ्यातून एकच धडा निघतो : जे एकाच जागी असते ते कधी ना कधी जाते. दुसरी प्रत ही चैन नाही, ती गरज आहे.

तेव्हा प्रश्नाला आता नीट उत्तर देतो. जोडप्रतीने खरेदीचे मोल वाढते काय? सोय म्हणून थोडे वाढते. ज्या घरी मुले आहेत किंवा प्रवास आहे त्याने त्या सोयीपुरते चार पैसे जादा द्यावेत. संग्रह म्हणून मात्र वाढत नाही. जी प्रत कुलुपाविना आपल्या हाती येते, आपल्या यंत्रात राहते आणि विकणाऱ्याला न विचारता लागते, तीच दुसरी प्रत. बाकीची, कितीही गोड नाव दिले तरी, दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी. पतपेढीत ठेव ठेवलेल्या आपल्या लोकांना चिठ्ठी आणि रोकड यांतला फरक मी शिकवण्याची गरज नाही.

इथे कुणी म्हणेल, आता तबकड्या तरी कोण घेतो? मासिक वर्गणी भरली की हजार चित्रपट घरबसल्या दिसतात. खरे आहे. मीही पाहतो. पण त्या हजारांत काय असावे ते आपण ठरवत नाही. दहा वर्षांपूर्वी तबकडीवर निघालेले एखादे मराठी नाटक तिथे शोधा, एखादा जुना ग्रामीण चित्रपट शोधा. काही सापडतील, काही सापडणार नाहीत. न सापडणाऱ्यांची शेवटची प्रत कदाचित तुमच्या त्या खणात असेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, ते हे सांगली गाव. त्या प्रयोगाची प्रत ठेवण्याचे साधन तेव्हा नव्हते. आज साधन आहे आणि तरीही आपण प्रयोग घालवून बसलो, तर तो दोष काळाचा म्हणता येणार नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो आपल्या कायद्यातच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्त्या झाल्या. त्यांतील कलम ५२ च्या एका पोटकलमाने असे म्हटले आहे की, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतन करण्यासाठी ते ती इलेक्ट्रॉनिक साधनांनी साठवून ठेवू शकते. त्याच दुरुस्तीने 'व्यापारी भाडे' या शब्दाची व्याख्या करताना सांगितले की, नफा न घेणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली प्रत उसनी देणे हे व्यापारी भाडे नव्हे. म्हणजे पुस्तक नेणे आणि चित्रपट नेणे हे दोन व्यवहार पुन्हा एका छपराखाली आणायला कायद्याने वाट ठेवली आहे. चित्रफिती आणि ग्रंथ यांच्यापुरता पहिल्या कलमाचा अर्थ सरळ आहे. तबकडी मुळातच डिजिटल, आणि तिच्यावर कुलूप असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. तिथे वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. मी कुणाला चोरून नकला करायला सांगत नाही, हे स्पष्ट करतो. ज्या कलावंतांनी ती नाटके केली त्यांची मिळकत बुडवून संग्रह वाढवणे मला मान्य नाही.

माझी सूचना अगदी साधी आहे. साताऱ्यास नगरवाचनालय आहे, सांगलीस नगरवाचनालय आहे. दोन्ही गावे एकाच नदीच्या काठची, पण सातारा उंचावर आणि सांगली सखल. या उन्हाळ्यात प्रत्येक घराने आपला तो खण उघडावा, आत काय आहे त्याची यादी करावी आणि तिची एक प्रत वाचनालयात द्यावी. कोणते नाटक, कोणता चित्रपट, कॅसेट की तबकडी, लागते की नाही, एवढेच लिहावे. दोन्ही गावांच्या याद्या ताडून पाहिल्या की कोणती कृती एकाच घरात उरली आहे ते कळेल. मग सांगलीतली अशी एकटी कॅसेट साताऱ्याला ठेवायची की तिचे जतन इथेच करायचे, निर्मात्यांची परवानगी कुणी मागायची, हे दोन्ही वाचनालयांच्या चालकांनी बसून ठरवावे. या कामाला फार पैसा लागत नाही. दोन तरुण, एक वही आणि एक चालू स्थितीतला व्हिडिओ लागतो. तिसरी वस्तू मिळवणे सर्वांत अवघड आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून तो भंगारात देऊ नये.

साताऱ्यास मी हे बोललो तेव्हा त्याच वृद्ध गृहस्थांनी पुन्हा हात वर केला. म्हणाले, "माझ्याकडे आमच्या हौशी मंडळीच्या प्रयोगाची कॅसेट आहे. त्यात काम करणारे आम्ही सात जण होतो, आता मी एकटा उरलो आहे. ती कुणाकडे द्यायची?" त्या कॅसेटला जोडप्रत नाही, चिठ्ठी नाही आणि जगातल्या कोणत्याही वहीत तिची नोंद नाही. वाचनालयाच्या चिटणीसांनी त्यांचा पत्ता लिहून घेतला. आज इथून जाताना आपणही आपले पत्ते चिटणीसांकडे लिहून द्यावेत, एवढीच विनंती करतो.